गावच्या आरोग्य केंद्राला मशीन देण्याआधी

प्रश्न असा आहे. देवगड तालुक्यातल्या एका गावचं मुंबईतलं ग्रामविकास मंडळ यंदा गणपतीत जमलेल्या वर्गणीतून गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला रक्त तपासायचं मोठं, पूर्ण स्वयंचलित मशीन द्यायचं म्हणतंय. मंडळाचे सेक्रेटरी लिहितात की पावसाळ्यात डेंग्यू-लेप्टोचे (लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, कोकणातला पावसाळी ताप) रिपोर्ट यायला चार-पाच दिवस लागतात, तोवर माणूस एक तर बरा झालेला असतो नाहीतर ॲम्ब्युलन्समधून गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात गेलेला असतो. कोणतं मशीन घ्यावं, हा एक प्रश्न. आफ्रिकेत ड्रोनने रक्ताचे नमुने नेतात असं वाचलं, मग ते कोकणात का होत नाही, हा दुसरा.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या सरकारी-खासगी लॅब जवळून पाहिल्या आहेत, काही चालवल्याही आहेत. सरळ सांगतो, ते मशीन घेऊ नका. वर्गणी मात्र दुसरीकडे वळवू नका. त्याच पैशात गावाला तपासणीची खरी सोय होऊ शकते, फक्त ती कशी हे समजायला थोडं खोलात जावं लागेल.

पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही ज्या मशीनचं कोटेशन पाठवलंय ते बायोकेमिस्ट्रीचं आहे. त्यावर साखर, किडनीसाठीचं क्रिएटिनिन, काविळीसाठीचं बिलिरुबिन, कोलेस्टेरॉल होतं. डेंग्यू-लेप्टो त्यावर होतच नाही. ज्या दुखण्यासाठी तुम्ही वर्गणी काढलीत त्याचा रिपोर्ट मशीन आल्यावरही तितक्याच दिवसांनी येईल.

मग तो उशिरा का येतो? डेंग्यूची जी तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमात पक्की धरतात ती एलायझा, म्हणजे रक्तातल्या आजाराच्या खुणा एका प्लेटवर अनेक नमुन्यांत एकदम शोधायची पद्धत. लेप्टोचीही बहुतेक ठिकाणी तीच. एलायझाची प्लेट तळहातावर मावते, तिला ९६ खळगे असतात. बहुतेक किटमध्ये आठ-आठ खळग्यांच्या १२ पट्ट्या सुट्या काढता येतात. दर वेळी प्लेट लावताना काही खळग्यांत पेशंटचं रक्त घालताच येत नाही, तिथे कंट्रोल घालावे लागतात, म्हणजे ज्यांचं उत्तर आधीच माहीत आहे असे नमुने. ते बरोबर आले तरच बाकीचे रिपोर्ट खरे मानायचे. आता लॅबमध्ये त्या दिवशी तीनच नमुने आले असतील तर अख्खी पट्टी मोडायची, त्यातले निम्मे खळगे कंट्रोलला द्यायचे आणि टेक्निशियनने एका प्लेटपायी सकाळपासून दुपार उलटेपर्यंत बसायचं. किट संपली की नवी येईपर्यंत थांबावं लागतं हे त्याला ठाऊक असतं. म्हणून तो नमुने साठू देतो, आठवड्यातून ठरलेल्या दोन दिवशी प्लेट लावतो. तुमच्या गावच्या माणसाचं रक्त गुरुवारी दुपारी पोचलं आणि प्लेट सकाळीच लागून गेली असेल तर पुढची प्लेट सोमवारी. यात आळस नाही आणि कुणाची बदमाशीही नाही. ९६ खळग्यांची रचना एकदम पुष्कळ नमुने असतील तिथे सोयीची, विरळ वस्तीच्या जिल्ह्यात तिच्यापायी वाट बघण्यात दिवस जातात. जगभर गरीब देशांत, छोट्या गावांत हेच घडतं: तपासणी उपलब्ध असते, किट असतं, माणूस असतो, तरी रिपोर्ट हातात पडतो तेव्हा त्याचा उपयोग उरलेला नसतो.

उशिराचे बाकीचे तुकडे प्लेटच्या आधी आणि नंतर असतात. ते शोधायची एक साधी रीत आहे. आरोग्य केंद्राच्या लॅब रजिस्टरमध्ये प्रत्येक बाहेर जाणाऱ्या नमुन्यापुढे चार वेळा लिहा: रक्त कधी काढलं, केंद्रातून कधी निघालं, लॅबमध्ये कधी पोचलं, रिपोर्ट डॉक्टरच्या नजरेखाली कधी आला. महिनाभर हे नीट लिहिलं तर बहुतेक ठिकाणी असं दिसतं की प्रत्यक्ष तपासणीला काही तास आणि थांबण्याला काही दिवस गेलेले आहेत. शेवटचा रकाना सगळ्यात बोलका. रिपोर्ट तयार होऊन लॅबच्या संगणकावर पडून आहे, केंद्रात कुणी उघडलेला नाही, आणि पेशंटची बायको रोज येऊन विचारतेय, "डॉक्टरांनू, रिपोट कधी येतलो?" हे मी अनेकदा पाहिलंय. त्यावर उपाय मशीन नव्हे. एका ठरावीक माणसाने रोज ठरावीक वेळी रिपोर्ट उघडून डॉक्टरसमोर ठेवणं, हा त्यावर उपाय. त्याला पैसा लागत नाही, पण ते काम कुणाच्या तरी नावावर लावून द्यावं लागतं.

आता मूळ मुद्दा. कोणती तपासणी गावात व्हावी आणि कोणती जिल्ह्याला जावी हे ठरवताना मी एकच गोष्ट विचारतो: या रिपोर्टवर जो निर्णय घ्यायचा तो किती वेळ थांबू शकतो? मशीन किती महागडं किंवा तपासणी किती आधुनिक, हे नंतर. निर्णय वीस मिनिटांत घ्यायचा असेल तर तपासणी पेशंटच्या खाटेशेजारीच हवी, काहीही झालं तरी. तो आठवडाभर थांबू शकत असेल तर नमुना खुशाल प्रवास करू दे.

वीस मिनिटं मी उगाच म्हटलं नाही. आपल्या कातळावर, काजूच्या बागेत, भाताच्या बांधावर फुरसं आणि घोणस चावते. दोघांचंही विष रक्ताची गोठण्याची ताकद मोडतं. सापाच्या विषावरची लस द्यायची की नाही हे ठरवायला जी तपासणी जगभर वापरतात तिला मशीनच लागत नाही. शिरेतून दोन मिलिलीटर ताजं रक्त काढायचं, नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घालायचं, वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही, आणि मग एकदाच तिरकी करून बघायची. गोठलेलं असेल तर गोळा जागचा हलत नाही. पातळ रक्त ओघळलं तर विष चढलंय. लस सुरू करायची, सहा तासांनी पुन्हा हीच तपासणी करायची. नाग किंवा मण्यार असेल तर रक्त व्यवस्थित गोठतं आणि पापण्या जड होतात. म्हणजे ही नळी माणसाकडे बघायचं काम वाचवत नाही, पण फुरशाच्या बाबतीत तिच्याइतका जीव वाचवणारा रिपोर्ट नाही.

आणि इथेच घोळ होतात. आरोग्य केंद्रात हल्ली रक्त घ्यायचे सगळे बल्ब, म्हणजे छोट्या नळ्या, प्लॅस्टिकचे. काचेच्या पृष्ठभागाला लागल्यावर रक्त गोठायची क्रिया जशी सुरू होते तशी प्लॅस्टिकला लागून होत नाही, त्यामुळे धडधाकट माणसाचं रक्तही वीस मिनिटांनी पातळ दिसू शकतं. काचेची नळी आहे पण साबणाने धुऊन पुन्हा वापरली, तरी तेच. परिणाम असा की ज्याला विष चढलेलंच नाही त्याला लस टोचली जाते, आणि लशीची रिॲक्शन कधी जिवावर बेतते. तुमच्या गावातल्या डॉक्टरांना विचारा, सर्पदंशाच्या ट्रेमध्ये नव्या काचेच्या नळ्या आणि भिंतीवर सेकंदकाट्याचं घड्याळ आहे का. नसेल तर मंडळाची पहिली देणगी हीच असू दे. तिचा फोटो पेपरात येणार नाही, पण माझ्या मते ती तुमच्या यादीतली सगळ्यात मोलाची वस्तू ठरेल.

निर्णय थांबू शकत नाही अशा तपासण्या तशा थोड्याच आहेत. साखर, गरोदर बाईचं हिमोग्लोबिन, तिच्या लघवीतलं प्रोटीन, मलेरिया, रक्तगट, आणि तापाच्या पेशंटच्या पेशी व प्लेटलेट. थायरॉइड, कोलेस्टेरॉल, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, गाठीचा तुकडा, कल्चर हे सगळं प्रवासाला जाऊ शकतं.

लेप्टोकडे पुन्हा येतो, कारण तुमचा प्रश्न तिथून निघालाय आणि कोकणात पावसाळी तापात मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. एलायझा आणि झटपट कार्ड ज्या आयजीएम प्रतिपिंडांना (जंतूंशी लढायला शरीर तयार करतं त्या द्रव्यांना) शोधतात ती आजाराच्या पहिल्या काही दिवसांत रक्तात पुरेशी नसतातच. चिखलणी-लावणी करणारा माणूस तापाच्या दुसऱ्या दिवशी आला, कार्ड निगेटिव्ह आलं म्हणून त्याला तापाच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं आणि पाचव्या दिवशी तो पिवळा पडून, लघवी बंद होऊन आला, ही गोष्ट टाळायची असेल तर एक नियम पाळावा लागतो: पावसाळ्यात शेतात राबणाऱ्याला ताप, पोटऱ्या दुखताहेत, डोळे लाल आहेत, तर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक द्यायला रिपोर्टसाठी थांबायचं नाही. गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर अमॉक्सिसिलिन. नमुना मात्र पाठवायचाच, कारण त्यावरून कुठल्या वाडीत साथ आहे ते कळतं आणि आरोग्य सेवक तिथे पोचतो. म्हणजे लेप्टोचा एलायझा उशिरा आल्याने उपचार अडत असतील तर खोट लॅबच्या अंतरात नाही, त्या रिपोर्टची वाट बघण्यात आहे.

पण त्याच पेशंटच्या बाबतीत एक निर्णय खरंच थांबू शकत नाही, तो म्हणजे याला इथे ठेवायचं की पुढे पाठवायचं. तो प्लेटलेट, क्रिएटिनिन आणि बिलिरुबिन बघून ठरतो. म्हणून सरसकट मशीन नको असं मी म्हणत नाही. पेशी मोजणारं साधं थ्री-पार्ट सेल काउंटर आणि क्रिएटिनिन-बिलिरुबिनपुरता, थोडं काम हाताने करायचा सेमी-ऑटो ॲनालायझर, एवढं केंद्रात असेल आणि रोज चालत असेल तर जुलै-ऑगस्टमधले कितीतरी लोक नाहक बांबोळीला जाणार नाहीत, आणि ज्यांनी जायलाच हवं ते दोन दिवस आधी जातील.

पूर्ण स्वयंचलित मशीनला माझा विरोध का, तेही सांगतो. त्याला सतत थंड खोली, शुद्ध पाणी आणि न जाणारी वीज लागते. त्याचे रीएजंट, म्हणजे तपासणीची रसायनं, एकदा उघडून मशीनवर चढवले की ठरावीक दिवसांत खराब होतात, तुम्ही शंभर नमुने करा नाहीतर पाच. तुमच्या केंद्रात दिवसाला आठ-दहा नमुने असतील तर बाटलीतलं बरंचसं औषध फेकायला लागेल. शिवाय अशी बरीच मशीनं फक्त स्वतःच्या कंपनीचेच रीएजंट घेतात. मशीन स्वस्तात किंवा फुकट बसवून देतात आणि पुढची सगळी वर्षं बाटल्यांच्या किमतीत ते वसूल करतात. देणगीदार मशीनची किंमत देतो, बाटल्यांची कोण देणार हा प्रश्न दुसऱ्या वर्षी उभा राहतो. प्लॅस्टिकचं कव्हर घातलेलं, देणगीदाराच्या नावाची पितळी पाटी लावलेलं मशीन मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलंय.

हे फक्त आपल्याकडचं नाही. क्षयरोग तपासणारं जीनएक्सपर्ट मशीन हे याचं मोठं उदाहरण. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० च्या डिसेंबरमध्ये त्याची शिफारस केली आणि गरीब देशांत ही मशीनं मोठ्या प्रमाणात गेली. तपासणी खरोखर चांगली. मायक्रोस्कोपखाली क्षयाचे जंतू दिसायला एका मिलिलीटर बेडक्यात साधारण ५ ते १० हजार जंतू असावे लागतात, हे मशीन शे-दीडशे असले तरी पकडतं आणि रिफाम्पिसिन औषध लागू पडेल की नाही तेही त्याच फटक्यात सांगतं. पण धूळ, उष्णता, वीज जाणं यांनी मशीनचे कप्पे बंद पडायचे, दुरुस्तीला माणूस दुसऱ्या देशातून यायचा, आणि दर तपासणीला लागणारं काडतूस, म्हणजे एकदाच वापरायची डबी, गरीब देशांसाठी सवलतीतही ९.९८ डॉलरला पडायचं. क्षयरुग्णांच्या आणि डॉक्टरांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं लावून धरल्यावर २०२३ मध्ये ते ७.९७ डॉलर झालं. मशीनच्या किमतीची चर्चा एकदा झाली, काडतुसाच्या किमतीचं भांडण वर्षानुवर्षं चाललं, हे देणगीदारांनी लक्षात ठेवावं.

या अडचणींवरचं एक उत्तर आपल्या शेजारचंच आहे. गोव्यात वेर्ण्याला तयार होणारं ट्रूनॅट हे क्षय तपासणारं यंत्र बॅटरीवर चालतं, त्याला वातानुकूलित खोली लागत नाही, आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यालाही मान्यता दिली. एकाच यंत्रावर वेगवेगळ्या आजारांच्या चिप चालतात. गोचडीतून होणाऱ्या माकडतापाचीही चिप पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या सहभागातून झाली. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात २०१६ मध्ये माकडताप आला तेव्हा काजू वेचायला जाणाऱ्या लोकांचे नमुने जिल्ह्याबाहेर पाठवावे लागत होते. १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडलेला हा आजार सह्याद्रीच्या कडेने आपल्याकडे पोचायला जवळपास साठ वर्षं लागली, त्याची तपासणी मात्र त्याच्यामागून आली. आणि तपासणी जवळ आली तरी कुणाला तरी शंका यावी लागते. रानात वांदर मेलेला दिसला, वाडीत चौघांना ताप आहे, अंगावर गोचडी होत्या, हे आशाताईला आधी कळतं. तिने फोन केला नाही तर ट्रूनॅट कपाटात पडून राहील.

ड्रोनबद्दल तुम्ही वाचलंत ते बहुतेक रुवांडाचं. तिथे २०१६ पासून झिपलाइन नावाच्या कंपनीची छोटी विमानं रुग्णालयांना रक्ताच्या पिशव्या पोचवतात. ती उतरत नाहीत, वरून कागदी पॅराशूटने खोकं टाकून माघारी फिरतात. म्हणजे तो मुख्यतः केंद्राकडून रुग्णालयाकडे जाणारा माल आहे. आपल्याला हवाय उलटा प्रवास, गावातून लॅबकडे. त्याचा चांगला धडा युगांडात सापडतो आणि तो मोटारसायकलचा आहे. तिथे आसपासची आरोग्य केंद्रं एका मधल्या केंद्राला जोडली, त्या केंद्राला मोटारसायकल आणि चालवणारा माणूस दिला, आणि कोणत्या वारी कुठल्या केंद्रात तो जाणार हे ठरवून टाकलं. सुरुवात मुख्यतः एचआयव्हीग्रस्त आयांच्या तान्ह्या बाळांसाठी झाली. आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात, त्यामुळे साध्या तपासणीने बाळाला लागण झालीय की नाही ते कळत नाही, मोठ्या लॅबमध्ये थेट विषाणू शोधणारी पीसीआर तपासणी करावी लागते. बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब गाळणकागदावर घ्यायचे, वाळवायचे, पाकिटात घालून पाठवायचे. बर्फ नाही, डबा नाही. पुढे याच गाड्यांवरून थुंकी आणि इतर नमुनेही जाऊ लागले. त्यात नवलाचं काही नाही, आणि म्हणूनच ते टिकलं.

आपल्याकडे हे का होऊ नये? आपल्याकडे एसटी आहे, ठिकठिकाणी दुचाकी असलेली पोरं आहेत, आणि राज्यात एचएलएल लाइफकेअर या सरकारी कंपनीमार्फत चालणारी महालॅबची नमुने गोळा करायची व्यवस्थाही आहे. अडतं ते खाडीच्या पलीकडची वाडी, दुपारनंतर येणारा पेशंट आणि प्रवासातली हेळसांड यांवर. मासळी बाजारात न्यायची तर वेळ, गारवा आणि गाडी तिन्ही जमावी लागतात हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. रक्तही तसंच नाशवंत आहे, फक्त त्याला थेट बर्फावर ठेवायचं नसतं. काढलेल्या रक्तातल्या पेशी जिवंत असतात, त्या साखर खात राहतात. साध्या बल्बमध्ये, सेंट्रिफ्यूजमध्ये (नमुना गरगर फिरवून पेशी खाली बसवणाऱ्या यंत्रात) न फिरवता ठेवलेल्या रक्तातली साखर तासाला ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. सकाळी नऊला काढलेलं रक्त दुपारी दोनला मशीनवर चढलं तर मधुमेह असलेल्या माणसाचा रिपोर्ट "नॉर्मल" येऊ शकतो. तो खूश होऊन घरी जातो आणि काही वर्षांनी पायाची जखम घेऊन येतो. त्यासाठी राखाडी टोपणाचा फ्लोराइड बल्ब असतो, पण तो भरला जातोय का हे बघावं लागतं. पोटॅशियमचं उलट: रक्त तसंच ठेवलं, गार केलं किंवा खड्ड्यांतून हिंदकळत नेलं तर पेशींतलं पोटॅशियम बाहेर येऊन रिपोर्ट खोटाच वाढतो.

यावरचा उपाय केंद्रातच आहे. रक्त अर्धा तास गोठू द्यायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, वरचा पिवळा सीरम वेगळा करायचा आणि मग गार डब्यातून पाठवायचा. म्हणून देणगीत चांगलं सेंट्रिफ्यूज, त्याला पुरेल असा इन्व्हर्टर आणि लॅबचा स्वतःचा छोटा फ्रिज असावा. स्वतःचा अशासाठी की लसीकरणाच्या फ्रिजमध्ये दुसरं काही ठेवायला परवानगी नसते, आणि ते बरोबरच आहे. निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे किती दिवस वीज नव्हती ते आठवा. इन्व्हर्टर घेताना तासभराचा हिशेब करू नका.

दमट हवेचं एक वेगळंच प्रकरण आहे, जे पुण्या-दिल्लीत बसून याद्या करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. जूनपासून साखरेच्या आणि लघवीच्या पट्ट्यांची डबी नुसती उघडी राहिली तरी पट्ट्या ओल धरतात आणि चुकीचे आकडे दाखवतात. मलेरियाच्या कार्डाचं पाकीट रक्त घ्यायच्या क्षणीच फोडायचं असतं, सकाळी दहा फोडून ट्रेमध्ये मांडून ठेवायची नसतात. मायक्रोस्कोपच्या भिंगावर बुरशीची जाळी धरते. एकदा काचेत शिरली की पुसून जात नाही, आणि त्या भिंगातून मलेरियाचा परजीवी किंवा क्षयाचा जंतू दिसत नाही. जुने टेक्निशियन मायक्रोस्कोप लाकडी कपाटात, आत एक छोटा दिवा पेटता ठेवून आणि सिलिका जेलच्या पुरचुंड्या घालून ठेवायचे. हे आजही करावं. बंदरावरच्या ट्रॉलरवरचे आणि आंब्याच्या बागा राखणारे नेपाळी कामगार ताप घेऊन येतात तेव्हा पहिली तपासणी याच भिंगाखाली होते.

तुमच्या हक्काचं काय आहे तेही माहीत असू द्या. जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांप्रमाणे अत्यावश्यक तपासण्यांची पहिली यादी २०१८ मध्ये काढली. २०१९ मध्ये आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, भारताची स्वतःची यादी केली, असं करणारा भारत पहिला देश. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या मोफत निदान योजनेत उपकेंद्राला १४ आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला ६३ तपासण्या धरल्या आहेत, आणि महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतली सेवा मोफत केली. तरीही यादी आणि प्रत्यक्ष यांत अंतर आहे आणि ते जगभर आहे. २०२१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या निदानविषयक आयोगाने हिशेब मांडला की जगातल्या ४७ टक्के लोकांना निदानाच्या सोयी जेमतेम मिळतात किंवा मिळतच नाहीत. गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत एचआयव्ही-मलेरिया सोडून सगळ्यात साध्या तपासण्यासुद्धा प्राथमिक पातळीवर १९ टक्के लोकांच्याच आवाक्यात आहेत. मला या आकड्याचा राग येतो. या तपासण्या शोधायच्या बाकी नाहीत, त्यातल्या कित्येक पन्नास-साठ वर्षं जुन्या आणि काही रुपयांच्या आहेत.

तेव्हा आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या सभेत मेडिकल ऑफिसरकडे त्या ६३ ची यादी मागा आणि प्रत्येकीपुढे लिहून घ्या: इथे होते, बाहेर जाते, की होतच नाही. भांडायला जाऊ नका, त्या डॉक्टरलाही हे हवंच असतं. या सभेला लॅब टेक्निशियनला बोलवा. सगळ्यात कमी विचारला जाणारा माणूस तोच. मलेरियाच्या काचा, क्षयाचे बेडके, गरोदर बायांची रक्तं, साथीतली धावपळ हे सगळं एकटा करतो, आणि तो रजेवर गेला की लॅबला कुलूप. शेजारच्या दोन केंद्रांनी मिळून एकमेकांच्या रजेत माणूस द्यायचं ठरवलं तर कितीतरी कुलपं उघडतील. त्याने रोज सकाळी कंट्रोल लावून आकडा भिंतीवरच्या तक्त्यावर टिंबाने मांडावा आणि महिन्याला वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या बाह्य गुणवत्ता तपासणीसारख्या योजनेत नमुने करून पाठवावेत, यासाठी लागणारी फी आणि कंट्रोलचा खर्च मंडळाने उचलावा. चुकीचा रिपोर्ट हा रिपोर्ट नसण्यापेक्षा घातक असतो, कारण त्यावर विश्वास ठेवून माणूस घरी जातो.

खर्चाचा क्रम माझ्या मते असा: काचेच्या नळ्या, फ्लोराइड बल्ब, पट्ट्या, सिलिका जेल आधी. मग सेंट्रिफ्यूज, इन्व्हर्टर, फ्रिज. मग आठवड्याचे वार ठरवून नमुने नेणाऱ्या एका दुचाकीवाल्याचं वर्षभराचं पेट्रोल आणि मानधन, त्यात खाडीपलीकडच्या वाडीचा थांबा धरूनच. हे सहा महिने चाललं, रजिस्टरमधल्या चार वेळा जवळ आल्या, तर सेल काउंटर घ्या. घेताना देणगीपत्रात किमान तीन वर्षांचे रीएजंट, कंट्रोल आणि देखभाल करार मंडळ देणार की जिल्हा परिषद, हे स्पष्ट लिहून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची सही घ्या. तीन कंपन्यांची कोटेशनं मागवताना मशीनची किंमत विचारू नका, एका तपासणीचा खर्च विचारा, रोजच्या स्टार्टअपला आणि धुण्याला जाणारं औषध धरून. दुरुस्तीचा माणूस कुठून येतो तेही विचारा. कोल्हापूरचा असेल तर तो पावसात घाट बंद झाल्यावर येणार नाही, पणजीचा येईल. आणि मशीन मेअखेरपर्यंत बसवून घ्या, म्हणजे जूनच्या पहिल्या पावसाआधी टेक्निशियनला निदान पंधरा दिवस त्यावर कंट्रोल लावून हात बसवता येईल. जुलैत तापाच्या पेशंटची रांग लागली की नवीन मशीन शिकायला त्याला वेळ मिळत नाही.